ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला : तुम्ही एकेक दिवस कसा जगता?

शेवंता_नगरकर

मंडळी, सलाम.

धागा अर्धा धार्मिक आहे, अर्धा दवाखान्याचा. अध्यात्मात टाकू की आरोग्यात ते कळेना, शेवटी इथे टाकला. अ‍ॅडमिननी हवा तिकडे हलवावा.

माझ्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्यात. सोमवार-बुधवार-शुक्रवार डायलिसिस, दर खेपेला चार तास. प्रत्यारोपणासाठी झेडटीसीसीच्या (दान केलेल्या अवयवांचं वाटप बघणारं विभागीय केंद्र) यादीत नाव लावलंय. रक्तगट ओ, त्यामुळे ओ गटाचीच किडनी लागणार आणि रांग लांब. आम्ही मराठी ख्रिस्ती, मूळ नगरचे, आता पुण्यात.

घरी भेटायला येणारा प्रत्येक जण मत्तय ६:३४ सांगतो. "उद्याची चिंता करू नका" म्हणतो, चहा पितो, प्रार्थना करतो, जातो. पण ते वचन तिथे संपत नाही. पुढे आहे, "कारण उद्याची चिंता उद्याला, ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे." हे शेवटचं वाक्य कोणी म्हणत नाही, आणि मला तर तेच जास्त खरं वाटतं. विश्वास ठेवलात की दिवस हलका जाईल असं येशूने कुठे म्हटलंय? तो म्हणतो, रोजचं दुःख आहेच, आणि ते त्या दिवसाला पुरेल इतकं आहे. त्यात उद्याचं ओतू नका.

आमच्या घरात हे अगदी मापात असतं. डॉक्टरांनी दिवसाचं पाणी ठरवून दिलंय. सकाळी एका बाटलीत तेवढं भरते. चहा, औषधं, आमटी, सगळं त्यातून वजा. आज कमी प्यायलं म्हणून उद्या जास्त मिळत नाही. उद्याचं आज प्यायलं तर पायांवर सूज, छातीत पाणी, रात्री झोपता येत नाही. बायबलातल्या निर्गम १६ मधला मान्ना, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देव रोज सकाळी द्यायचा ते अन्न, मला या बाटलीने शिकवला. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप. ज्याने जास्त गोळा केलं त्याचं उरलं नाही, ज्याने कमी केलं त्याला कमी पडलं नाही. सकाळसाठी झाकून ठेवलं त्यात किडे पडले. लहानपणी संडे स्कूलमध्ये ही गोष्ट ऐकताना किडेच तेवढे लक्षात राहिले होते.

दुसरी गोष्ट सकाळची. डायलिसिसवाल्यांना हातात फिश्चुला करून देतात, शीर आणि धमनी जोडून. त्यावर बोटं ठेवली की आतून थरथर लागते, त्याला थ्रिल म्हणतात. ती लागली म्हणजे रस्ता चालू आहे. रोज बघायची असते. मी बोटं ठेवते आणि "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" म्हणते. उद्याची, परवाची मागायची आम्हाला शिकवलेलीच नाही.

असं मी करते. पण सगळेच दिवस असे जात नाहीत. पावसाळ्याच्या संध्याकाळी गणित सुरू होतं: यादीत किती पुढे, वय किती, मुलीचं शिक्षण किती राहिलं. तुमच्यापैकी जे विश्वासाने एकेक दिवस जगतात, ते नेमकं काय करतात? वचनं सांगू नका, ती पाठ आहेत. करता काय ते सांगा.

---

होळीवाला

वाचतोय ताई. प्रार्थनेत नाव ठेवलंय.

---

वसईचा_पाटील

शेवंताताई, आम्ही कॅथलिक, वसईचे. तुम्ही 'काय करता' विचारलंत म्हणून ज्यांनी करून दाखवलं त्यांचंच सांगतो.

व्हिएतनामचे आर्चबिशप फ्रान्सिस झेवियर व्हान थुआन. एप्रिल १९७५ मध्ये सायगावला नेमणूक झाली, त्याच महिन्यात सायगाव कम्युनिस्टांच्या हाती पडलं आणि १५ ऑगस्टला अटक. खटला नाही, शिक्षा नाही, त्यामुळे सुटकेची तारीखही नाही. तेरा वर्षं आत होते, त्यातली नऊ एकांतकोठडीत. सुरुवातीला त्यांचाही जीव 'कधी सुटणार, माझ्या धर्मप्रांताचं काय' यातच अडकलेला. मग ठरवलं की वाट बघत बसायचं नाही, समोरचा क्षण आहे तोच प्रेमाने भरायचा.

आता करायचं काय, ते ऐका. नजरकैदेत असताना एका सात वर्षांच्या पोराला सांगून जुनी कॅलेंडरं मागवली. रात्री पाठकोऱ्या पानांवर आपल्या लोकांसाठी चार-चार ओळी लिहायच्या, सकाळी पोराने घरी न्यायच्या, भावंडांनी नकला काढायच्या. तुरुंगात पोटदुखीचं औषध म्हणून वाइन मागवली. बाहेरच्यांना बरोब्बर कळलं, त्यांनी तशीच चिठ्ठी लावून बाटली पाठवली. तळहातावर तीन थेंब वाइन, एक थेंब पाणी, झाली मिस्सा (आमची उपासना). १९८८ मध्ये सुटले, पुढे कार्डिनल झाले.

मला यात आवडतं ते हे, की माणूस डोळे मिटून बसला नव्हता. दिवस छोटा केला, पण त्यात काम ठासून भरलं.

---

निरंजन_प

ताई, मी श्रद्धाळू नाही, आणि लोकांची पैशाची घडी बसवणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे हे वचन मला जरा खुपतं. "उद्याची चिंता करू नका" वाचून लोक विमा काढत नाहीत, मृत्युपत्र करत नाहीत आणि मग बायकापोरं बँकेत खेटे घालतात. त्याच अध्यायात आहे की आकाशातली पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, हे म्हणायला सुंदर आहे. पाखरांना गृहकर्जाचे हप्ते नसतात.

---

शेवंता_नगरकर

निरंजन, रास्त प्रश्न आहे, आणि पाखरांचं वाचून हसले.

पण त्याच बायबलात नीतिसूत्रांमध्ये आळशाला मुंगीकडे पाठवलंय, उन्हाळ्यात साठवते ती बघ म्हणून. योसेफाने मिसरात सुकाळाची सात वर्षं पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात घातला, म्हणून पुढची सात वर्षं देश जगला. बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशोब करा, हे तर येशूचंच बोलणं (लूक १४). आणि मान्नासुद्धा सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचा होता, सातवा विसाव्याचा म्हणून. त्या रात्री त्यात किडे पडत नसत.

तयारी वेगळी, चिंता वेगळी. आमच्याकडे तयारीला वार ठरलाय, शनिवार सकाळ. महात्मा फुले योजनेचे कागद, पुढच्या तपासण्या, औषधांचा साठा, मुलीची फी, सगळं शनिवारी. चिंता वार बघून येत नाही, ती रात्री तीनला येते, आणि रात्री तीनला कुठलंच ऑफिस उघडं नसतं. तिला मी शनिवारी ये म्हणते. कधी ऐकते, कधी नाही.

---

लोदची_रिबेका

मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, आजोळ अलिबागकडचं, आता इस्राएलमध्ये. ख्रिस्ती धाग्यात मी कुठे घुसतेय म्हणाल, पण मान्ना आधी आमचा! (हलकेच घ्या.)

शेवंताताईंच्या सहाव्या दिवसावरून आठवलं. शुक्रवारी रात्री शब्बाथच्या (आमच्या विसाव्याच्या दिवसाच्या) टेबलावर दोन पाव ठेवतात, एक नाही. ती त्या दुप्पट मान्नाची आठवण. मान्नाच्या वर-खाली दव होतं म्हणून पावांवर कापड घालतात. आमच्या घरी द्राक्षारसाऐवजी मनुका भिजवून सरबत करायची आजीची पद्धत अजून चालू आहे. आणि शब्बाथला पैशाचं, धंद्याचं, पुढच्या आठवड्याचं बोलायचं नाही. माझा नवरा अख्खा आठवडा काळजी करतो, पण त्या दिवशी आईच्या धाकाने गप्प. श्रद्धा किती ते मला माहीत नाही, सासूबाईंचा धाक मात्र पक्का.

---

सत्यशोधक_७७

इथे धर्मांतराचा प्रचार सुरू झाला का आता?

---

शेवंता_नगरकर

सत्यशोधक, नवरा जन्मापासून ख्रिस्ती आहे, मीही. धर्मांतर कुणाचं करू? किडनीचं बघताय का? ओ गट, धर्म कोणताही चालेल.

---

होळीवाला

:D :D ताई जिंकल्या.

---

आजचा_माणूस

नाव सांगणार नाही, आमच्या संगतीत नाव सांगत नाहीत. मी दारुडा आहे, सध्या न पिणारा.

ताई, तुम्ही करता काय विचारलंत, तर आमचं सगळं करण्यावरच आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस १९३५ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी सुरू झाली, एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे. दोघे ज्या ऑक्सफर्ड ग्रुपमध्ये जात तो ख्रिस्ती होता, पण एए ख्रिस्ती नाही. 'आपल्याला उमगलेला ईश्वर' एवढंच म्हणतात. माझ्या मीटिंगमध्ये वारकरी आहे, मुसलमान आहे, काहीच न मानणारा एक प्राध्यापक आहे. मी स्वतः चर्चमध्ये जातो.

पिणाऱ्याला 'आयुष्यभर पिणार नाही' ही शपथ पेलत नाही. मी बायकोच्या, आईच्या, पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतल्यात. आयुष्यभर म्हटलं की पोराचं लग्न दिसतं, ३१ डिसेंबर दिसतो, गोव्याची ट्रिप दिसते, आणि ते सगळं न पिता काढायचं या विचारानेच घसा कोरडा पडतो. मग माणूस आजच पितो. म्हणून आम्ही म्हणतो, फक्त आज प्यायची नाही. उद्याचं वचन देत नाही, मागतही नाही. आज जमत नसेल तर पुढचा तास. तोही जड वाटला तर फोन उचलायचा आणि दुसऱ्या दारुड्याला लावायचा. तो 'विश्वास ठेव' म्हणत नाही. विचारतो, जेवलास का? कुठे उभा आहेस? तिथून निघ.

तर ताई, तुमच्या त्या पावसाळी संध्याकाळी फोन लावायला कोणी आहे का? भेटायला येणारे नकोत. दुसऱ्या डायलिसिसवाल्याची बायको पाहिजे.

---

शेवंता_नगरकर

हे कोणी विचारलं नव्हतं आजवर. नाहीये. म्हणजे युनिटमध्ये शेजारच्या खुर्चीवाल्यांच्या मिसेस असतात, आम्ही डब्याबद्दल बोलतो: बटाटे किती वेळ पाण्यात ठेवायचे, शहाळं चालतं का (अजिबात नाही, पोटॅशियम). नंबर घेते त्यांचा.

---

पहाटपक्षी

मीही लिहिते. वय २६, अ‍ॅन्झायटीच्या गोळ्या चालू आहेत. आमच्या फेलोशिपमध्ये एका आत्याने सांगितलं की विश्वास असता तर गोळ्या लागल्या नसत्या, 'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका' असं प्रेषित पौल म्हणतो. तेव्हापासून गोळी घेताना पाप केल्यासारखं वाटतं. एक दिवस जगणं वगैरे ठीक आहे, पण माझी चिंता आजच्याच दिवसाची असते. सकाळी उठल्या उठल्या असते.

---

जुना_पाळक

पहाटपक्षी बेटा, निवृत्त पाळक आहे मी, मिरजेकडचा. गोळी घे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नकोस, कोणी आत्या म्हणाली म्हणून तर नाहीच. पौलाने आपला शिष्य तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलं, 'विश्वास वाढव' असं नाही लिहिलं. त्याच्या सोबतीचा लूक वैद्य होता. आमच्या मिरजेत मिशनऱ्यांनी १८९४ मध्ये दवाखाना उघडला तो औषधं द्यायलाच.

१ राजे १९ काढ. एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर केवढा पराक्रम करून आला, आणि पाठोपाठ ईजबेल राणीच्या धमकीने पळाला, एका झुडपाखाली बसून 'प्रभो, आता पुरे, माझा जीव घे' म्हणाला. देवाने त्याला उपदेश केला का? नाही. झोपू दिलं. देवदूताने हलवून उठवलं, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. खाल्लं, परत झोपला. देवदूताने परत उठवलं: खा, वाट तुला झेपायची नाही. इतकंच. 'असा कसा तू खचलास' हे एका शब्दाने नाही. मी चाळीसेक वर्षं प्रवचनं दिली, पण खचलेल्या माणसासमोर पहिल्या दिवशी काय करायचं हे याच अध्यायाने शिकवलं. जेवण न्यायचं आणि गप्प बसायचं.

---

पहाटपक्षी

पाळकसाहेब, थँक्यू. आत्ता एवढंच लिहिता येतंय.

---

शेवंता_नगरकर

पाळकसाहेब, तुमच्यामुळे धीर आला म्हणून लिहिते. आमच्याकडे एक उपदेशक आले होते. तेल लावून प्रार्थना केली, त्याला माझी ना नाही, याकोबाच्या पत्रात आहे. पण जाता जाता म्हणाले, शुक्रवारी डायलिसिसला जाऊ नका, प्रभूला संधी द्या.

मला काय राग आला सांगू. दोन-तीन डायलिसिस चुकले तर रक्तातलं पोटॅशियम चढून हृदय थांबू शकतं. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, हे येशूला कोण म्हणालं होतं? सैतान म्हणाला होता, आणि तोही शास्त्रवचन देऊनच. येशूने उत्तर दिलं, परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको. मी त्यांना तेवढंच म्हटलं आणि दार लावलं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी.

ते मशीन आमचा मान्ना आहे. आठवड्यातून तीनदा पडतो, पाषाणमार्गे रिक्षाने जाऊन गोळा करावा लागतो.

---

वसईचा_पाटील

मशीन मान्ना! हे फादरांना सांगतो, रविवारी वापरतील.

---

केडगाव_फाटा

उशिरा आले धाग्यावर. निरंजन आणि शेवंताताईंच्या तयारी-चिंता वादात पंडिता रमाबाईंना आणायचा मोह आवरत नाही, कारण रोजच्या भाकरीवर जगणं आणि दहा वर्षं पुढचं बघणं त्यांनी एकाच आयुष्यात केलं.

त्यांचं शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत निघालं (पुढे ते पुण्याला आलं) ते अमेरिकेतल्या मंडळाच्या मदतीवर, आणि त्या मंडळाचा शब्द दहा वर्षांचा होता. मुदत संपणार हे बाईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक. म्हणून केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली, की बागेच्या उत्पन्नावर संस्था चालावी. याच्याइतकं व्यवहारी काय असेल? निरंजन यांनीही हाच सल्ला दिला असता.

मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात जाऊन बाई उपाशी मुली आणि बायका घेऊन आल्या, एकदोन नाही, शेकड्यांनी. ना इमारत, ना पैसे. तेवढ्यात पुण्यात प्लेग, तिथे मुली ठेवायची सोय नाही, म्हणून केडगावच्या माळावर तात्पुरत्या निवाऱ्यात ठेवल्या. बागेची योजना होती पन्नासेक जणींच्या हिशोबाची, आणि १९०० च्या दुष्काळानंतर केडगावच्या या मुक्तिसदनात दीड-दोन हजार तोंडं झाली. ब्रिस्टॉलच्या जॉर्ज म्युलरने कोणापुढे हात न पसरता फक्त प्रार्थनेवर हजारो अनाथ वाढवले, ते बाईंनी वाचलं होतं. इंग्लंडात जमतं ते हिंदुस्थानात का जमू नये, असा त्यांचा सरळ प्रश्न. पण प्रार्थना करून त्या बसल्या नाहीत. छापखाना, विणकाम, तेलघाणा, शेती, आंधळ्या मुलींना ब्रेल, पहाटेपासून प्रत्येकीच्या हाताला काम. वर बायबलचं मराठी भाषांतर. ते चालू असताना १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. बाईंनी काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

मला त्यांच्या चमत्कारांपेक्षा विहिरी जास्त भावतात. दुष्काळ येणार हे त्यांना माहीत नव्हतं, पण विहिरी खणलेल्या होत्या.

---

निरंजन_प

केडगावचं माहीत नव्हतं. शाळेत रमाबाई म्हणजे विधवांसाठी काम एवढंच शिकलो. दहा वर्षांच्या निधीची मुदत बघून उत्पन्नाचं साधन उभं करणारी बाई १८९० च्या दशकात! मान गये.

तरी एक मुद्दा उरतोच. ज्याला उद्याच नाही त्याने एकेक दिवस कसा जगायचा? तिथे तयारी काय आणि चिंता काय.

---

माउंटमेरीची_सून

निरंजन, याचं उत्तर मी बघितलंय, म्हणून लिहिते. वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती अवेदना सदन आहे. १९८६ मध्ये डॉ. डिसोझांनी सुरू केलं, भारतातलं पहिलं हॉस्पिस. ज्यांच्या कॅन्सरवर आता उपचार उरलेले नाहीत अशांना तिथे घेतात, पैसे घेत नाहीत, धर्म विचारत नाहीत. होली क्रॉसच्या सिस्टर्स बघतात. माझे सासरे तिथे होते.

तिथे 'बरे व्हाल' कोणी म्हणत नाही. सिस्टर सकाळी येऊन विचारायच्या, आज दुखणं किती आहे? आज काय खावंसं वाटतंय? सासऱ्यांनी एकदा बोंबलाचं कालवण मागितलं. डॉक्टरांनी हो म्हटलं, मी घरून नेलं, त्यांनी दोन घास खाल्ले आणि मीठ कमी आहे म्हणाले. मॉर्फिनची वेळ सिस्टर पाच मिनिटंही चुकवायच्या नाहीत, दुखायला लागल्यावर द्यायचं नसतं ते, दुखायच्या आधी द्यायचं. तयारी तिथेही होती, फक्त चार तासांच्या अंतराची.

---

आजचा_माणूस

मीठ कमी आहे! शेवटपर्यंत मराठी माणूस.

---

शेवंता_नगरकर

तुमच्या सासऱ्यांचं नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, मला तर मीठ मागायचीही परवानगी नाही. खूप दिवसांनी स्वतःच्या आजारावर विनोद केला.

आज बुधवार, युनिटमधूनच लिहितेय. शेजारच्या खुर्चीवाल्यांच्या मिसेसचा नंबर घेतला. त्या बार्शीच्या, गुरुवार करतात, दत्ताच्या. म्हणाल्या, माझी रात्र दोनला सुरू होते, तुमची तीनला, तेव्हा फोन मीच करते आधी.

---

निरंजन_प

ताई, प्रार्थना मला येत नाही, पण जमतं ते करतो. नॉमिनेशन, जॉइंट खाती, मृत्युपत्र, विम्याचे कागद कुठे आहेत याची एक यादी असते माझ्याकडे, दोन पानी. फी वगैरे काही नाही. पाठवू का? फोनवर तासाभरात भरून होईल.

---

शेवंता_नगरकर

पाठवा. शनिवारी सकाळी साडेदहानंतर फोन करा, त्याच्या आधी गव्हाचं दळण आहे.